‘शक्यता कमी’ म्हणजे किती?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही, पण जे घडलं ते इथे लिहावं की नाही हेच ठरत नव्हतं. शेवटी दादाला विचारलं. तो म्हणाला, "लिही. पण माझ्या बाजूने लिहू नकोस, आणि तुझ्याही नको." प्रयत्न करते.

घरच्यांपैकी जे हे वाचतात त्यांना माई आत्याचं सगळं माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. १९९३ च्या पावसाळ्यात माई आत्या मुंबईच्या घरी मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय एकसष्ट. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, वॉकर धरून चार पावलं टाकायला लागली होती. बाराव्या दिवशी अचानक धाप लागली. श्वास आत घेताना बरगडीखाली कळ यायची. डावी पोटरी सुजून टणक झाली होती. डॉक्टरांना शंका आली की पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली असावी. म्हणून दुसऱ्या एका इस्पितळात नेऊन फुप्फुसाचा स्कॅन केला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : ‘लो प्रोबॅबिलिटी फॉर पल्मनरी एम्बोलिझम’. त्याखाली आणखी एक ओळ होती, तिच्याकडे नंतर येते.

रिपोर्ट आणायला मी गेले होते. मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. संभाव्यतेचा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला यायचा. त्यामुळे व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी म्हटलं, "शक्यता कमी आहे. म्हणजे काही नाहीये." सगळ्यांना हायसं वाटलं. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरही साधारण तेच बोलले. तीन दिवसांनी तिला घरी आणलं. त्यानंतर सहाव्या दिवशी पहाटे पाणी प्यायला उठली आणि उठता उठताच गेली. पोस्टमॉर्टेम केलं नाही, कुणाच्या मनातही आलं नाही. ‘हार्ट’ असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

दादा कधी काही बोलला नाही. एकतीस वर्षं.

मग २०२४ चा डिसेंबर. दादाच्या मुलीला सातवा महिना चालू होता आणि एका रात्री तिला धाप लागायला लागली. पुण्यातच होती, लगेच दाखवलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात गुठळीचा धोका वाढतो, तेव्हा शंका ठेवायला नको, फुप्फुसाचा स्कॅन करू. केला. नॉर्मल आला. आणि दादाने, जो कधी आवाज चढवत नाही त्याने, तिथल्या तिथे सांगितलं, "माझा या स्कॅनवर विश्वास नाही. सीटी करा." रात्री साडेअकराला मला फोन. "तू सांग. तूच सांगितलं होतंस ना तेव्हा."

मला काय बोलावं ते कळेना. "उद्या सांगते" एवढंच म्हटलं आणि रात्रभर वाचत बसले. त्यानंतरचे काही महिनेही वाचत होते. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून कुणी आपापले उपचार ठरवू नयेत, एवढं आधीच सांगून ठेवते. पण आकडे मला वाचता येतात. आणि हा इतिहास बऱ्याच अंशी आकड्यांचाच आहे, किंवा आकड्यांना कोणते शब्द द्यायचे याचा.

आता सुरुवातीपासून.

पायातली गुठळी वाहत जाऊन फुप्फुसात अडकते, हे आज आपल्याला साधं वाटतं. पण १८४० च्या दशकापर्यंत बहुतेक डॉक्टर समजत होते की फुप्फुसाच्या धमनीत सापडणारी गुठळी तिथल्या तिथेच तयार होते. बर्लिनच्या शारिते इस्पितळात शवविच्छेदनं करणाऱ्या तरुण रुडॉल्फ व्हिर्शोने ते खोडून काढलं. त्याने कुत्र्यांच्या शिरांमध्ये रबराचे तुकडे सोडून ते फुप्फुसात जाऊन अडकतात हे दाखवलं. ‘एम्बोलिझम’ हा शब्दही त्याचाच. रोग सापडला, पण सापडायचा तो बहुधा मेल्यानंतर. १९०८ मध्ये जर्मनीतल्या ट्रेन्डेलेनबुर्ग नावाच्या सर्जनने छाती उघडून गुठळी काढायची शस्त्रक्रिया सांगितली. त्याचा एकही रुग्ण वाचला नाही. त्याचा शिष्य किर्शनर याला १९२४ च्या मार्चमध्ये कोनिग्सबर्गला ते जमलं. त्याच वर्षाच्या शेवटी म्हातारा ट्रेन्डेलेनबुर्ग वारला. निदान शिष्याचं यश पाहून गेला.

औषधाचं म्हणाल तर हेपॅरिन १९१६ मध्येच सापडलं होतं. पण गुठळीवर ते खरंच उपयोगी पडतं का, हे नीट तपासलं गेलं १९६० मध्ये, इंग्लंडात ब्रिस्टलला. बॅरिट आणि जॉर्डन या दोघांनी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. औषध न मिळालेल्या १९ पैकी ५ जण गुठळीने गेले, आणखी ५ जणांना पुन्हा गुठळी झाली. औषध मिळालेल्या १६ पैकी गुठळीने एकही गेला नाही. मग औषध न देणं बरोबर नाही म्हणून तुलना तिथेच थांबवली. एवढासा अभ्यास, ३५ माणसांचा. पण त्यानंतर पुन्हा ‘औषध न देता बघू’ असा प्रयोग करायचं फारसं कुणाला धाडस झालं नाही.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बॅरिट आणि जॉर्डन यांच्याकडे कसलाही स्कॅन नव्हता. रुग्णाला तपासून, नाडी-श्वास बघून, एक्स-रे आणि ईसीजी बघून निदान. म्हणजे उपचार आहे हे नक्की झालं, पण तो कुणाला द्यायचा हे मात्र अंदाजाने. आणि औषध तर रक्त पातळ करणारं, चुकून दिलं तर रक्तस्राव. न दिलं तर पहाटे पाणी प्यायला उठलेलं माणूस...

असो.

खात्रीची तपासणी एकच होती, अँजिओग्राफी. शिरेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसाच्या धमनीपर्यंत न्यायची, रंगद्रव्य सोडायचं आणि भराभर एक्स-रे काढायचे. धाप लागलेल्या माणसाला हे करणं म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही छातीत धडधड. शिवाय ते मोजक्याच मोठ्या इस्पितळांत व्हायचं.

अशा वेळी १९६४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्री वॅग्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा स्कॅन करून दाखवला. कल्पना इतकी साधी आहे की मी ती वर्गात शिकवली असती. अल्ब्युमिन हे रक्तातलंच प्रथिन. त्याचे बारीक कण करायचे, आपल्या केशवाहिन्यांच्या तोंडापेक्षा जरासे मोठे. कॅलिफोर्नियात जॉर्ज टॅप्लिनने ते करायची पद्धत बसवली होती. कणांना किरणोत्सर्गी पदार्थ चिकटवायचा. दंडातल्या शिरेत सुई टोचून सोडले की ते हृदयातून फुप्फुसात जातात आणि रक्त जिथे जिथे पोचतं तिथे तिथे अडकून बसतात. आता बाहेरून मोजायचं. जिथे रक्त पोचतंय तो भाग उजळतो. जिथे गुठळीने वाट अडवली आहे तिथे अंधार. वाचून दचकायला होतं, म्हणजे गुठळी शोधायला आणखी लाखो बारीक गुठळ्या सोडायच्या! पण फुप्फुसात केशवाहिन्या इतक्या असतात की हजारात एखादीसुद्धा बुजत नाही, आणि कण काही तासांत विरघळून जातात. सुरुवातीला किरणोत्सर्गी आयोडीन वापरायचे, पुढे टेक्निशियम आलं, ज्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. (मुंबईत परळला अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. म्हणजे ही विद्या आपल्याकडे काही फार उशिरा आली नाही.)

सुई टोचली, फोटो निघाला, रुग्ण खाटेवर परत. अँजिओग्राफीच्या मानाने हा खेळच. स्कॅन पसरला. आणि लगेच घोटाळा सुरू झाला.

कारण फुप्फुस हुशार आहे. एखाद्या भागात हवा येत नसेल, दम्यामुळे म्हणा, न्यूमोनियामुळे म्हणा, तर ते तिथलं रक्तही आटवतं, उगाच कशाला पाठवायचं म्हणून. म्हणजे अंधार दिसला की गुठळीच असं नाही. १९७७ मध्ये यूजीन रॉबिन नावाच्या डॉक्टरने एक खरमरीत लेखच लिहिला. गुठळी नसलेल्या तरण्याताठ्या माणसांना स्कॅनच्या जोरावर गुठळी ठरवून रक्त पातळ करणारी औषधं दिली जात आहेत, हा त्याचा आरोप. आणि लेखाच्या शीर्षकात त्याने नागड्या राजाची गोष्ट आणली. वैद्यकीय मासिकात असं शीर्षक! मला हा माणूस आवडला.

यावरचा उपाय तोवर निघत होता. रक्ताबरोबर हवेचाही फोटो काढायचा. रुग्णाला झेनॉनसारखा किरणोत्सर्गी वायू हुंगायला द्यायचा आणि हवा कुठे पोचते ते बघायचं. दोन्ही फोटो शेजारी ठेवायचे. हवाही नाही, रक्तही नाही, तर बहुधा फुप्फुसाचाच काही आजार. हवा जातेय पण रक्त जात नाहीये, तर गुठळी. हाच तो ‘व्ही-क्यू’ स्कॅन, माई आत्याचा केला तो.

तत्त्व सुंदर, पण खरी माणसं तत्त्वाप्रमाणे वागत नाहीत. कुणाचा अंधार अर्धवट, कुणाचा एकाच बाजूला, कुणाचा एक्स-रेही खराब. मग नियम आले. किती तुकडे अंधारे, केवढे मोठे, एक्स-रेवरच्या डागापेक्षा मोठे की लहान. १९७९ मध्ये सेंट लुईसच्या बिएलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असेच नियम मांडले आणि ते खूप चालले. आणि रिपोर्टमध्ये ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायच्या ऐवजी लिहायला लागले : हाय प्रोबॅबिलिटी, इंटरमीजिएट, लो.

गणिताची शिक्षिका म्हणून मला यात काही वावगं वाटू नये. अनिश्चित गोष्टीला अनिश्चित म्हणणं हा प्रामाणिकपणाच आहे. पण ‘लो’ म्हणजे किती? शंभरात दोन? दहा? रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या मनात एक आकडा, वाचणाऱ्याच्या मनात दुसरा. आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्यांच्या मनात शून्य.

कॅनडातल्या हॅमिल्टनला, मॅकमास्टर विद्यापीठात, रसेल हल आणि मंडळींनी १९८३ पासून एक खटपट केली. ज्यांचा ज्यांचा स्कॅन बिघडलेला त्यांची अँजिओग्राफी करून पाहिली. ज्या चित्रांना जुन्या नियमांनी ‘लो’ म्हटलं असतं, अशांपैकी २५ ते ४० टक्क्यांमध्ये गुठळी निघाली. लोकांनी चटकन विश्वास ठेवला नाही. तिथे आजारीच लोक जास्त येत असतील, वगैरे.

मग आला तो मोठा अभ्यास. अमेरिकेतली सहा केंद्रं एकत्र आली, १९८५ आणि १९८६ मध्ये रुग्ण गोळा केले आणि मे १९९० मध्ये निकाल छापला. पायोपेड असं त्याचं लघुनाव. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद सोडा.

त्यांनी ९३१ जणांचा स्कॅन केला आणि त्यातल्या ७५५ जणांची अँजिओग्राफीही केली. म्हणजे स्कॅनने दिलेलं उत्तर खऱ्या उत्तराशी ताडून बघायची सोय झाली. त्या ७५५ मध्ये २५१ जणांना गुठळी होती, साधारण तिघांत एक. ‘हाय’ म्हटलेल्या ११६ जणांत १०२ जणांना खरंच गुठळी निघाली, ८८ टक्के. उत्तम. पण गुठळी असलेल्या सगळ्यांपैकी ‘हाय’ आलेले फक्त ४१ टक्के. उरलेले जवळजवळ सगळे ‘इंटरमीजिएट’ नाहीतर ‘लो’मध्ये लपलेले. ‘इंटरमीजिएट’मध्ये ३३ टक्के. म्हणजे स्कॅन करायच्या आधी तिघांत एक होती, स्कॅन केल्यावरही तिघांत एक. एवढा खटाटोप करून माहिती शून्य. आणि ‘लो’मध्ये १२ टक्के.

शिवाय दोन तज्ज्ञांनी एकमेकांना न विचारता तेच स्कॅन वाचले, तर ‘हाय’ आणि नॉर्मलच्या बाबतीत बहुतेक वेळा एकमत व्हायचं, पण ‘इंटरमीजिएट’ आणि ‘लो’ ठरवताना चारांत एकदा किंवा त्याहून जास्त वेळा मतभेद. एकच चित्र, दोन माणसं, दोन रिपोर्ट.

पण माझा हात थरथरला तो दुसऱ्याच एका तक्त्यावर. त्या लोकांनी एक शहाणपणाचं काम केलं होतं. स्कॅन करायच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं : याला गुठळी असेल असं तुम्हाला किती टक्के वाटतं? मग ते उत्तर आणि स्कॅनचं उत्तर एकत्र ठेवून पाहिलं. डॉक्टरांना फारशी शंका नाही आणि स्कॅनही ‘लो’, अशांमध्ये गुठळी ४ टक्के. पण डॉक्टरांना दाट शंका आहे आणि स्कॅन ‘लो’, अशांमध्ये ४० टक्के. तोच शब्द, तोच रिपोर्ट, आणि दहापट फरक. (खरं सांगायचं तर ते ४० टक्के म्हणजे १५ पैकी ६ जण. एवढ्या कमी माणसांवरून काढलेल्या टक्क्यावर फार भार टाकू नये, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचे. पण तो आकडा ४ नव्हता, हे नक्की.)

ऑपरेशननंतरचा बारावा दिवस, सुजलेली पोटरी, अचानक धाप, श्वासाबरोबर कळ. यापेक्षा दाट शंका काय असते?

हे बेझचं प्रमेय आहे. मी ते शिकवायचे. दोन पिशव्या, लाल चेंडू, पांढरे चेंडू. आधीची शक्यता किती होती ते विचारात घेतल्याशिवाय नुसत्या पुराव्यावरून उत्तर काढायचं नाही, यासाठी मी मुलांचे मार्क कापलेले आहेत.

आता ती रिपोर्टमधली दुसरी ओळ. स्कॅनचं पाकीट माझ्याकडेच राहिलं होतं. घर दोनदा बदललं तरी ते कपाटाच्या तळाशी, एलआयसीच्या कागदांखाली, आपलं आहे तिथेच. त्या डिसेंबरात काढून पाहिलं. फिल्म पिवळट झालीये, पण रिपोर्ट नीट वाचता येतो. ‘लो प्रोबॅबिलिटी’च्या खाली टाइप केलंय : ‘क्लिनिकल कोरिलेशन इज सजेस्टेड’. हे वाक्य जवळपास प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी असतं. बसच्या तिकिटामागच्या मजकुराइतकंच ते मी वाचलं होतं. खरं म्हणजे तो स्कॅन वाचणारा माणूस आपल्या परीने बेझचं प्रमेयच सांगत होता : माझं उत्तर एकटं घेऊ नका, रुग्णाकडे बघून मग ठरवा.

दादाने नंतर मला नेमका हाच प्रश्न विचारला. तेव्हाच्या डॉक्टरांना हे माहीत असायला हवं होतं का? अभ्यास छापून तीन वर्षं झाली होती. मुंबईतल्या एखाद्या लायब्ररीत तो अंक असणारच. पण दिवसाला साठ पेशंट बघणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी तो वाचला असेल असं म्हणणंही जरा जास्तच. आणि वाचला असता तरी करणार काय होते? पायाच्या शिरांची सोनोग्राफी करून तिथे गुठळी सापडली तर औषध तेच, हा मार्ग तेव्हाही होता. किंवा सरळ हेपॅरिन. पण ताज्या ऑपरेशनच्या जागी रक्तस्राव झाला असता तर? तर आज आपण वेगळ्याच चुकीची गोष्ट सांगत बसलो असतो. मी कुणाला सोडवत नाहीये, स्वतःला तर नाहीच. फक्त ४० टक्के म्हणजे साठ टक्के ‘नव्हती’ असाही अर्थ होतो, आणि पोस्टमॉर्टेम झालेलं नाही.

पायोपेडनंतर स्कॅनची पत उतरली. पण माझ्या मते दोष जितका चित्राचा होता तितकाच, किंवा थोडा जास्तच, चिठ्ठीचा होता. असं मी म्हणते त्याला आधार आहे. इटलीत पिसाला मिनिआती आणि मंडळींनी १९९६ मध्ये आपला अभ्यास छापला. त्यांनी हवेचा फोटो काढलाच नाही. ‘प्रोबॅबिलिटी’ हा शब्दही टाकून दिला. नुसता रक्ताचा स्कॅन बघायचा, पाचरीच्या आकाराचा अंधार दिसतोय का ते शोधायचं, आणि स्पष्ट सांगायचं : गुठळीसारखं आहे, किंवा बिघाड आहे पण गुठळीसारखा नाही. गुठळी असलेल्यांपैकी ९२ टक्के पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी ८७ टक्के बरोबर सुटले. ‘आहे’ की ‘नाही’ सांगायची जबाबदारी घेतली, आणि फारसं बिघडलं नाही. युरोपातल्या न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांच्या संघटनेनेही २००९ च्या सूचनांमध्ये ‘लो-इंटरमीजिएट-हाय’ची भाषा सोडून द्या असंच सांगितलं.

तिकडे कॅनडात फिल वेल्स आणि मंडळींनी डॉक्टरांच्या शंकेलाच मार्क द्यायला सुरुवात केली. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं की पाय सुजलाय का, नुकतं ऑपरेशन झालंय का, नाडी जोरात आहे का असे प्रश्न ठरवून विचारले आणि ते स्कॅनला जोडले, तर निर्णय बराच सुरक्षितपणे घेता येतो. म्हणजे ‘क्लिनिकल कोरिलेशन’ या दोन शब्दांचा चक्क एक फॉर्म झाला. तो फॉर्म मी माई आत्यासाठी भरून पाहिला. का पाहिला विचारू नका. तो ‘दाट शंका’च्या रकान्यात गेला.

तोवर सीटी आलंच होतं. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये लीलला रेमी-जार्दँ यांनी गोल फिरणाऱ्या सीटीने फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी थेट दाखवली. इथे सावली नाही, अंदाज नाही, गुठळीच दिसते. २००६ मध्ये पायोपेडच्या दुसऱ्या फेरीत सीटीने गुठळी असलेल्यांपैकी ८३ टक्के पकडले आणि नसलेल्यांपैकी ९६ टक्के बरोबर सोडले. डॉक्टरांना हवं होतं ते ‘आहे किंवा नाही’ मिळालं आणि व्ही-क्यू स्कॅन कोपऱ्यात गेला.

पण गंमत बघा. २००७ मध्ये १४१७ रुग्णांवर सीटी आणि व्ही-क्यूची समोरासमोर तुलना छापली गेली. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना हे, निम्म्यांना ते. सीटीने १९ टक्क्यांमध्ये गुठळी शोधली, व्ही-क्यूने १४ टक्क्यांमध्ये. मग व्ही-क्यूच्या गटात सुटलेली माणसं पुढे गुठळीने आजारी पडायला हवी होती की नाही? तीन महिने पाहिलं. ज्यांना ‘नाही’ सांगितलं होतं त्यांच्यात नंतर गुठळी निघाली ती व्ही-क्यूच्या गटात १ टक्का, सीटीच्या गटात ०.४ टक्के. फरक अगदीच किरकोळ. म्हणजे सीटीला सापडलेल्या काही गुठळ्या अशा असाव्यात की त्या न सापडत्या तरी चाललं असतं. अमेरिकेत १९९८ ते २००६ या काळात या आजाराचं निदान ८० टक्क्यांनी वाढलं, मृत्यूचं प्रमाण मात्र जवळपास तिथेच. रॉबिनचा नागडा राजा नव्या कपड्यांत परत आला, असं मला वाटून गेलं.

आणि व्ही-क्यू गेला म्हणता म्हणता काही ठिकाणी टिकून राहिलाय. जुनी गुठळी न विरघळता फुप्फुसाचा रक्तदाब वाढतो, तो आजार शोधायला तो अजूनही पहिला मानतात. किडनी नाजूक असलेल्यांना सीटीचं रंगद्रव्य द्यायचं नसेल तर. आणि गरोदर बायकांना, विशेषतः एक्स-रे स्वच्छ असेल तेव्हा, कारण आईच्या छातीला किरणं कमी लागतात. म्हणजे दादाच्या मुलीच्या डॉक्टरांनी काही जुनाट केलं नव्हतं. विचार करूनच केलं होतं.

त्या रात्री पहाटे चारला मला जे हवं होतं ते सापडलं. या स्कॅनच्या सगळ्या इतिहासात एका उत्तरावर कुणाचं फारसं भांडण झालेलं नाही, आणि ते म्हणजे ‘नॉर्मल’. ‘लो’ नव्हे, ‘जवळपास’ नव्हे, नॉर्मल. सगळं फुप्फुस उजळलेलं. हल आणि मंडळींनी १९९० मध्ये अशा ५१५ जणांचा पाठपुरावा छापला होता. त्यांना औषध न देता सोडलं होतं, आणि पुढे त्यांच्यातल्या शंभरात एकालाही गुठळीचा त्रास झाला नव्हता. रक्त सगळीकडे पोचतंय याचा अर्थ वाट कुठे अडलेली नाही, इतका तो सरळ आहे.

सहा वाजता दादाला फोन केला. तो जागाच होता. मी म्हटलं, "दादा, आत्याचा नॉर्मल नव्हता. लो होता. दोन्ही एक नाहीत. मी तेव्हा एक समजले."

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे हिचा खरंच नॉर्मल आहे?"

"हो."

"आणि आईला किती होती?"

मी आकडा सांगितला. पंधरातले सहा, हेही सांगितलं.

"हं," म्हणाला. "चहा ठेवतो."

सीटी केलं नाही. धाप दोन-तीन दिवसांत कमी झाली, डॉक्टर म्हणाले सातव्या महिन्यात असं होतं कधी कधी. फेब्रुवारीत मुलगी झाली. बारशाला गेले तेव्हा ते पाकीट बरोबर नेलं होतं, दादाला द्यायला. त्याने फिल्म खिडकीकडे धरून पाहिली, ओळीने दोन दोन राखाडी फुप्फुसं. मला म्हणाला, "यात अंधार कुठे आहे ते दाखव." मला दाखवता आला नाही. त्याने ती परत पाकिटात घातली आणि देवघराच्या खालच्या खणात ठेवली, तिच्या चष्म्याशेजारी.